एत्तोरे बुगाटी व त्याचें चाक

चाकाइतकी जुनी आणि चाकाइतकी दुर्लक्षित वस्तु मनुष्याच्या व्यवहारांत दुसरी क्वचितच सांपडेल. रस्त्यानें मोटार जातांना लोक तिचा रंग पाहतात, तिचा घाट पाहतात, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतात. परंतु ती सगळी गाडी ज्या चार वर्तुळांवर उभी असते त्यांच्याकडे, त्यांपैकीं एखादें मोडेपर्यंत, कोणाचें लक्ष जात नाहीं. ज्यानें या चाकाकडे आधीं पाहिलें आणि त्याभोंवतीं सबंध गाडीची रचना केली, अशा एका कारागिराचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव एत्तोरे बुगाटी. त्याच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाड्या आतां फार जुन्या झाल्या. तथापि त्या जपून ठेवणारे लोक अनेक देशांत आहेत, आणि चाक झिजलें किंवा तडकलें म्हणजे त्याच्या जागीं दुसरें कोणतें बसवावें हा प्रश्न त्यांना पडतो. या प्रश्नाचें उत्तर बुगाटीच्या चरित्रांतच आहे, असें आम्हांस वाटतें.

एत्तोरेचा जन्म १५ सप्टेंबर १८८१ रोजीं इटलींतील मिलान शहरीं झाला. घराणें कलावंतांचें होतें. त्याचा बाप कार्लो बुगाटी हा घरगुती लांकडी सामानाचा नामांकित रचनाकार. त्यानें घडविलेल्या खुर्च्या आजहि वस्तुसंग्रहालयांतून जपून ठेवलेल्या आढळतात. धाकटा भाऊ रेंब्रांट हा पुढें प्राण्यांच्या धातुमूर्ति घडविण्यांत नांवाजला. एत्तोरेनेंहि कलेचाच मार्ग धरावा अशी घरच्या मंडळींची अपेक्षा होती, व कांहीं काळ त्यानें तो अभ्यास केलाहि. परंतु त्याचें मन यंत्रांकडे ओढ घेत होतें. अखेर १८९८ च्या सुमारास तो मिलानमधील प्रिनेत्ती व स्तुक्की यांच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून शिरला. तेथें सायकली व इंजिन लावलेल्या तीनचाकी गाड्या तयार होत. तेथें तो नुसतें काम शिकला नाहीं. त्या तीनचाक्यांवर बसून शर्यतींतहि उतरूं लागला. जी वस्तु आपण घडवावी तिच्यावर स्वार होऊन तिचे गुणदोष आपल्याच अंगानें अनुभवावे, ही संवय त्यास येथें लागली.

१९०१ सालीं, वयाची विशी नुकतीच उलटत असतां, त्यानें एक चारचाकी मोटार तयार केली, आणि मिलानच्या प्रदर्शनांत तिला बक्षीस मिळालें. तें पाहून आल्सेस प्रांतांतील द दीत्रिख या मोठ्या कारखान्यानें १९०२ सालीं त्यास रचनाकार म्हणून बोलावून घेतलें. त्या वेळीं कायद्याप्रमाणें तो अज्ञान होता. म्हणून करारावर बापाला सही करावी लागली. पुढें स्ट्रास्बुर्ग येथें माथिस याच्याबरोबर आणि १९०७ पासून कोलोन येथील डॉइट्स या इंजिनांच्या कारखान्यांत त्यानें काम केलें. नोकरी चांगली होती, पगार होता, मान होता. परंतु दुसऱ्यांच्या सांगण्यावरून मोठाल्या जड गाड्या रचतांना त्याच्या मनांत एक लहान, हलकी गाडी घोळत होती. कोलोनच्या आपल्या राहत्या घराच्या तळघरांत, नोकरीचे तास संपल्यावर, त्यानें ती बांधली. जातिवंत घोड्याला फ्रेंच भाषेंत जें विशेषण लावतात तेंच त्यानें तिला दिलें. घोड्यांचा तो मोठा षोकी होता, आणि गाडींतहि त्याला घोड्याचेच गुण हवे होते : हलकें अंग, चपळ पाय आणि लगामाला तत्काळ मिळणारा जबाब.

१९०९ च्या अखेरीस त्यानें नोकरी सोडली, आणि आल्सेसमधील मोल्सहाइम या गांवाजवळ रंगाऱ्यांचा एक पडीक कारखाना घेऊन तेथें आपला स्वतंत्र उद्योग मांडला. आल्सेस तेव्हां जर्मनीच्या सत्तेखालीं होता. या ठिकाणीं तयार झालेल्या पहिल्या गाडीस तेरावा नमुना असें म्हणतात. तिचें इंजिन जेमतेम १३२७ घनसेंटिमीटरांचें होतें. १९११ सालीं फ्रान्समधील ल मां येथील शर्यतींत एर्नेस्त फ्रीडरिख यानें ही चिमुकली गाडी हांकली व दुसरा क्रमांक मिळविला. पहिली आलेली फियाट गाडी सात-आठ पट मोठ्या इंजिनाची होती. वजन कमी केल्यानें बळ वाढविल्यासारखाच परिणाम होतो, हें बुगाटीचें सूत्र त्या दिवशीं जगानें पाहिलें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि इटलींत जन्मलेला, फ्रान्सवर प्रेम करणारा व जर्मन सत्तेखालीं राहणारा हा मनुष्य मोठ्या पेंचांत सांपडला. मोल्सहाइम सोडून तो प्रथम मिलानला व नंतर पॅरिसला गेला. तेथें त्यानें विमानांच्या इंजिनांचे आराखडे केले; त्यांपैकीं सोळा सिलिंडरांचें एक इंजिन अमेरिकेंत ड्यूसेनबर्गच्या कारखान्यांत तयार झालें. युद्ध चालू असतांनाच, जानेवारी १९१६ मध्यें, धाकट्या रेंब्रांटनें पॅरिसमध्यें आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें. हा घाव एत्तोरेच्या मनांत कायमचा राहिला. युद्ध संपल्यावर आल्सेस पुन्हां फ्रान्सकडे आला व बुगाटीहि आपल्या गांवीं परतला. १९२० सालीं ल मां येथील लहान गाड्यांची शर्यत फ्रीडरिखनें जिंकली, आणि १९२१ सालीं इटलींतील ब्रेशा येथें पहिले चारहि क्रमांक बुगाटीच्या गाड्यांनीं पटकावले. तेव्हांपासून त्या गाडीस ब्रेशा हेंच नांव पडलें.

आतां ज्या चाकासाठीं आम्ही हें चरित्र सांगावयास घेतलें त्याकडे वळतों. त्या काळीं शर्यतीच्या गाड्यांना बहुधा तारेच्या आऱ्यांचीं चाकें असत. तीं हलकीं व लवचिक असतात, परंतु वळणावर वेगानें जातांना तारांवर आडवा ताण पडतो, त्या हळूहळू सैल होतात, आणि वरचेवर आवळाव्या लागतात. शिवाय चाकांना ब्रेक लावले कीं, घर्षणानें उष्णता उत्पन्न होते; ती बाहेर जाण्यास वाट हवी. तिसरी गोष्ट वजनाची. गाडीचें जें वजन स्प्रिंगांच्या वर असतें त्याला रस्त्याचे धक्के स्प्रिंगांतून गाळून मिळतात; परंतु जें स्प्रिंगांच्या खालीं असतें, म्हणजे चाक, टायर, ब्रेक आणि आंस, तें प्रत्येक खड्ड्याबरोबर वरखालीं उड्या मारतें. हें खालचें वजन जितकें अधिक, तितका वेळ चाक जमिनीपासून सुटलेलें राहतें. आणि सुटलेल्या चाकाला गाडी वळवितां येत नाहीं कीं थांबवितां येत नाहीं. म्हणून स्प्रिंगेखालचें एक शेर वजन कमी करणें हें वरचे कित्येक शेर कमी करण्यापेक्षां अधिक मोलाचें असतें.

या तिन्ही अडचणींवर बुगाटीनें एकच उपाय शोधला. त्यानें ॲल्युमिनियम ओतून चाक तयार केलें. सारख्याच आकाराच्या तुकड्याचें वजन घेतलें तर ही धातु लोखंडाच्या सुमारें एकतृतीयांश भरते, व उष्णता फार लवकर वाहून नेते. चाकाला आठ रुंद, चपटे आरे होते. त्यांच्या आंतल्या बाजूस ब्रेकचा ढोल, म्हणजे ज्याला कारागीर ब्रेक-ड्रम म्हणतात तो, चाकाबरोबरच ओतलेला असून त्याला आंतून लोखंडी अस्तर होतें. आपल्याकडील बैलगाडीचें चाक ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस तुंबा, आरे आणि धांव हे तीन भाग वेगवेगळ्या तुकड्यांचे असतात हें ठाऊक आहे. बुगाटीच्या चाकांत तुंब्याचा भाग, आरे आणि ब्रेक-ड्रम मिळून एकच अखंड वस्तु झाली. टायर धरून ठेवणारें बाहेरचें कडें मात्र पहिल्या नमुन्यांत स्क्रूंनीं बसविलेलें व सुटें होणारें होतें. चाक काढलें कीं ड्रमहि त्याबरोबर निघून येई, आणि ब्रेकचे जोडे उघडे पडत. टायर बदलण्यासाठीं थांबलेल्या कारागिरास ब्रेक किती झिजले आहेत हें त्याच वेळीं डोळ्यांनीं दिसे. एका वस्तूनें दोन कामें करावीं आणि तीं करतांना ती सुंदरहि दिसावी, या विचारांत कार्लो बुगाटीचा मुलगा ओळखूं येतो.

हीं चाकें लावलेली गाडी म्हणजे प्रसिद्ध पस्तिसावा नमुना. तिचें इंजिन आठ सिलिंडरांचें व दोन लिटरांस किंचित् कमी होतें. पुढचा आंस आंतून पोकळ ठेवून वजन वांचविलें होतें. ३ ऑगस्ट १९२४ रोजीं फ्रान्समधील ल्यों शहराजवळ त्या वर्षाची ग्रां प्री शर्यत भरली. सुमारें २३ किलोमीटरांच्या रस्त्याला पस्तीस फेरे घालावयाचे होते. बुगाटीनें पांच नव्या गाड्या शर्यतींत उतरविल्या. त्यांचें रूप पाहून प्रेक्षक थक्क झाले. परंतु शर्यत सुरू झाल्यावर थोड्याच वेळांत टायरांचे थर सुटून उडूं लागले. गाड्या एकामागून एक थांबूं लागल्या. आल्फा रोमिओ गाडी चालविणारा काम्पारी विजयी झाला, आणि बुगाटीच्या वांट्यास सातवा व आठवा हे क्रमांक आले. ज्या दिवसासाठीं त्यानें आपलें सर्वस्व लाविलें होतें तोच दिवस फजितीचा ठरला.

येथें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं क्षणभर थांबून विचार करावा. अशा प्रसंगीं सामान्य मनुष्य काय करील? चाकें नवीन, रीत नवीन, अपयशहि चाकांपाशींच घडलेलें. तेव्हां हा खटाटोप सोडून पुन्हां तारेचीं चाकें लावावीं हेंच त्यास सुचेल. बुगाटीनें तसें केलें नाहीं. दोष नेमका कोणत्या भागांत आहे हें त्यानें पाहिलें. चाकें तडकलीं नव्हतीं, वांकलीं नव्हतीं. त्या शर्यतीसाठीं म्हणून खास केलेल्या टायरांचें रबर नीट पक्कें झालें नव्हतें. त्यानें टायर बदलले आणि चाकें तशींच ठेविलीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत स्पेनमधील सान सेबास्तियान येथें कोस्तान्तिनीनें या गाडीवर दुसरा क्रमांक मिळविला. आणि १९२५ पासून १९२९ पर्यंत, सिसिली बेटांतील डोंगरी रस्त्यांवर होणारी टार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत बुगाटीच्या गाड्यांनीं ओळीनें पांच वेळां जिंकली. १९२६ सालीं कारखानदारांचें जागतिक अजिंक्यपदहि त्यानें मिळविलें. लहानमोठ्या मिळून शेंकडों शर्यती त्या चाकांवर जिंकल्या गेल्या.

आमच्या वाचक भगिनींस आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२८ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतींत एलिश्का युन्कोव्हा ही चेक बाई बुगाटी गाडी घेऊन उतरली होती. एका फेऱ्याच्या अखेरीस तर ती सर्व पुरुषांच्या पुढें होती, आणि शेवटीं पांचवी आली. त्याच वर्षीं तिचा पति जर्मनींतील एका शर्यतींत मरण पावला, व त्यानंतर तिनें शर्यतींतून अंग काढून घेतलें.

अशा या जुन्या गाडीचें चाक निकामी झालें, तर त्याच्या ऐवजीं दुसरें कसें निवडावें? ज्याला केवळ रूप पाहावयाचें असतें तो आठ आऱ्यांचें कोणतेंहि चाक पसंत करील. परंतु बुगाटीच्या रीतीनें विचार करणारा प्रथम गाडीचा नमुना विचारील. पस्तिसाव्या नमुन्याला ओतीव चाकें होतीं. पण त्याचाच स्वस्त प्रकार जो ३५ ए, त्याला आणि १९२६ च्या चार सिलिंडरांच्या सदतिसाव्या नमुन्याला तारेचीं चाकें लावून कारखान्यांतून बाहेर पाठवीत. या तारेच्या चाकांच्या गाडींत ब्रेक-ड्रम तुंब्यावर वेगळा बसविलेला असतो. ओतीव चाकांत तो चाकाचाच भाग असतो. म्हणून एक चाक काढून त्या जागीं दुसऱ्या प्रकारचें चढविणें म्हणजे टोपी बदलण्याइतकें सोपें काम नव्हे. त्याबरोबर तुंबा आणि ब्रेक हेहि बदलावे लागतात. शोभेच्या मोहानें हें विसरणारा मनुष्य गाडी सजवीत नाहीं, तिचा ब्रेक बिघडवितो.

दुसरी गोष्ट, चाकाचें मधलें भोंक व तें ज्या तुंब्यावर बसतें तो तुंबा यांचें माप. या दोहोंमध्यें केसाएवढी फट राहिली तरी चाक मध्यावर बसत नाहीं, धांवतांना थरथरतें, आणि फट दिवसेंदिवस वाढत जाते. मधला मोठा नट घट्ट आवळल्यानें हा दोष झांकतो, जात नाहीं. ज्या तुंब्यांचे नट धांवतांना आपोआप आवळले जावे अशी योजना असते, त्यांत डाव्या व उजव्या बाजूंचे आटे परस्परांविरुद्ध असतात; तेथें बाजूंची अदलाबदल झाली तर तोच नट धांवतां धांवतां सैल होईल. तिसरी गोष्ट कड्याचा व्यास आणि रुंदी. टायरची कड कड्यावर जेथें बसावयाची तेथेंच बसली पाहिजे. अर्ध्या इंचाचा फरकहि चालत नाहीं. सुट्या कड्याचें जुनें चाक आणि मध्यें खोलगट असलेलें नंतरचें अखंड कडें यांना टायर चढविण्याची रीतहि वेगवेगळी आहे. चौथी गोष्ट अशी कीं, तुंब्यावर टेकणाऱ्या पृष्ठभागापासून कड्याची मध्यरेषा किती आंत वा बाहेर आहे हें मोजावें. ती फार बाहेर गेली तर आंसाच्या बेअरिंगवर जास्त ताण पडतो व सुकाणूचें चक्र जड होतें. फार आंत आली तर वळण घेतांना टायर स्प्रिंगेला किंवा सुकाणूच्या दांड्याला घासतो.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांस गणिताची आवड आहे त्यांनीं एक हिशेब करून पाहावा. टायरसह चाकाचा व्यास २८ इंच असेल, तर त्याचा परीघ सुमारें ८८ इंच होतो. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी तेवढी पुढें सरकते. त्या जागीं २६ इंचांचें चाक बसविलें तर परीघ ८२ इंचांच्याहि किंचित् आंत येतो. चाकाचे फेरे मोजून वेग दाखविणारें यंत्र हा फरक जाणत नाहीं. तें शंभराचा आंकडा दाखवील, तेव्हां गाडी वास्तविक त्र्याण्णवाच्या आसपास धांवत असेल. मोठें चाक लाविलें तर उलट घडेल, आणि चालक आपण सांवकाश जात आहों या समजुतींत मर्यादेबाहेर धांवेल. शिवाय इंजिनाचें बळ व चाकाचा व्यास यांचा जो मेळ रचनाकारानें घातला होता तोहि मोडतो. चढावर गाडी दमते किंवा सपाटीवर इंजिन उगाच ओरडतें.

शेवटची कसोटी धातूची. ॲल्युमिनियम हलकें खरें. परंतु वारंवार वांकविली जाणारी कोणतीहि धातु कालांतरानें थकते, व ज्या ठिकाणीं आरा कड्याला मिळतो अशा जागीं बारीक भेगा पडूं लागतात. डोळ्यांना त्या दिसत नाहींत. म्हणून जाणते कारागीर चाकावर रंगीत द्रव पसरतात, पुसून घेतात आणि भेगेंत मुरलेला रंग पुन्हां कोठें वर येतो तें पाहतात. किंवा क्ष-किरणांनीं चाकाचें अंतरंग तपासतात. शंभर वर्षांच्या चाकांत अशी भेग सांपडली तर तें भिंतीवर टांगून ठेवावें, रस्त्यावर नेऊं नये. त्याच्या ऐवजीं त्याच मापाचें, जुन्या आराखड्यावरून नव्यानें ओतलेलें चाक घ्यावें. आणि तें घेतांना आंतला ड्रम पूर्ण गोल आहे कीं नाहीं, व एकाच आंसावरील दोन्ही ड्रमांचा व्यास सारखा आहे कीं नाहीं, हें पाहावें. फरक असल्यास ब्रेक लावतांच गाडी एका बाजूला ओढ घेईल. जुन्या वस्तूविषयीं आदर असणें निराळें आणि जुन्या वस्तूवर आपला व दुसऱ्याचा जीव टांगणें निराळें.

बुगाटी स्वतः आपल्या चाकावर समाधान मानून बसला नाहीं. पुढील नमुन्यांसाठीं त्यानें कडें अखंड केलें व स्क्रू काढून टाकले. १९३३ च्या एकोणसाठाव्या नमुन्यासाठीं त्यानें पियानोच्या तारेसारख्या बारीक तारांचें चाक रचलें. त्यांत तारांनीं फक्त गाडीचें वजन धरावयाचें, आणि फिरविण्याचा व थांबविण्याचा जोर ड्रमाच्या तबकडीवरील दांत्यांनीं सरळ कड्याला पोंचवावयाचा, अशी कामाची वांटणी होती. मात्र सर्वच बाबतींत तो असा नवा विचार लवकर स्वीकारी असें नव्हे. इंजिनांत हवा दाबून भरण्याची युक्ति त्यानें बराच काळ नाकारली. इतर कारखाने तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक लावीत असतां तो दोऱ्यांनीं ओढले जाणारे ब्रेकच पसंत करी. ते त्याच्या कारखान्यांत आले ते १९३८ सालीं. ज्या हट्टानें ल्योंच्या फजितीनंतर त्याचें चाक वांचविलें, त्याच हट्टानें त्याचे ब्रेक मागें ठेविले. थोर माणसांचीं चरित्रें वाचतांना त्यांचे गुण व दोष हे पुष्कळदां एकाच मुळाचे फांटे असतात हें आम्हांस दिसून येतें.

त्याच्या महत्त्वाकांक्षेचें टोंक म्हणजे रॉयाल नांवाची राजेरजवाड्यांसाठीं योजिलेली गाडी. तिचें इंजिन पावणेतेरा लिटरांच्या घरांतलें होतें, आणि तिच्या तोंडाशीं मागल्या पायांवर उभा असलेला हत्ती होता. ही मूर्ति मृत भावाच्या, रेंब्रांटच्या, शिल्पावरून घेतलेली. परंतु जगांत मंदी आली, आणि अशा अवघ्या सहा गाड्या पुऱ्या झाल्या. त्यांपैकीं तीनच विकल्या गेल्या. बुगाटीनें तींच इंजिनें आगगाडीच्या रुळांवर धांवणाऱ्या डब्यांना बसविलीं. १९३३ पासून ते डबे फ्रान्समध्यें धांवूं लागले, आणि त्यांच्या उत्पन्नानें कारखाना तगला. जी वस्तु एका ठिकाणीं बसली नाहीं तिला दुसरी योग्य जागा शोधून द्यावी, हा त्यांतील बोध सहज दिसण्यासारखा आहे.

उत्तर आयुष्यांत मात्र दुःखांची रीघ लागली. १९३६ सालीं फ्रान्सभर संप झाले, ते मोल्सहाइमलाहि पोंचले. आपला कारखाना म्हणजे एक कुटुंब व आपण त्याचे वडील, अशी त्याची समजूत होती. कामगारांस मात्र आपले हक्क हवे होते. तो मनांत दुखावला, आणि कारखान्याचा भार मोठा मुलगा जां याच्यावर सोंपवून पॅरिसला राहूं लागला. जां हा बापाचा खरा वारस होता. सत्तावन्नाव्या नमुन्याची देखणी गाडी त्याचीच. १९३७ व १९३९ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत बुगाटी गाड्यांनीं जिंकली. दुसऱ्या विजयानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ११ ऑगस्ट १९३९ रोजीं, जां तीच विजयी गाडी मोल्सहाइमजवळच्या रस्त्यावर पारखीत असतां एक सायकलस्वार आडवा आला. त्याला वांचविण्यासाठीं गाडी वळवितांना ती झाडावर आदळली, आणि जां मरण पावला. त्याचें वय अवघें तीस वर्षांचें होतें. ज्या बापानें जन्मभर वेग घडविला, त्याच्याकडून वेगानें घेतलेली ही किंमत होती.

तीन आठवड्यांच्या आंत दुसरें महायुद्ध सुरू झालें. जर्मनांनीं आल्सेस घेतला व बुगाटीस आपला कारखाना विकणें भाग पडलें. १९४४ सालीं त्याची पत्नी वारली. युद्ध संपल्यावर कारखाना त्यास सहजासहजीं परत मिळाला नाहीं. फ्रेंच सरकारनें तो ताब्यांत ठेविला, आणि म्हाताऱ्या बुगाटीस न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. १९४७ सालीं निकाल त्याच्या बाजूनें लागला, तेव्हां तो दुखण्यानें अंथरुणास खिळला होता. २१ ऑगस्ट १९४७ रोजीं पॅरिस येथें त्यानें देह ठेविला. मोल्सहाइमनजीकच्या दोर्लिसहाइम गांवीं, मुलाशेजारीं, त्याचें दफन झालें.

त्याच्या हयातींत कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाड्या सुमारें आठ हजारांच्या आंतच भरतात. दुसरे कारखाने तितक्या गाड्या कांहीं दिवसांत तयार करीत. तरीहि आल्सेसमधील म्यूलूज शहराच्या मोटार-संग्रहालयांत त्याच्या गाड्यांच्या रांगा पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि त्या आठ आऱ्यांच्या चाकापाशीं थांबतात. त्यांपैकीं फारच थोड्यांना ल्योंच्या रस्त्यावर उडालेले टायर ठाऊक असतील.

आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांना जुनी शर्यतीची गाडी घेण्याचा योग येईल असें नाहीं. परंतु मोडलेल्या वस्तूच्या जागीं दुसरी वस्तु बसविण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या घरीं येतो : सायकलचें चाक असो, रहाटाचा आंस असो, दाराची बिजागरी असो. त्या वेळीं बाजारांत चकाकणारी वस्तु उचलण्यापूर्वीं मूळ वस्तु कोणी, कशासाठीं व कोणत्या मापानें केली होती हें विचारावें. माप घ्यावें, तें पुन्हां एकदां घ्यावें. दोष खरोखर कोठें आहे तें शोधावें आणि निर्दोष भाग फेंकून देऊं नये. असें करणारा विद्यार्थी कारागीर होवो अथवा न होवो, त्याच्या हातचें काम ढिलें राहणार नाहीं, एवढें आम्ही खात्रीनें सांगतों.